बर्नचा विजय आणि त्यामागून आलेला जयघोष

लढाई जिंकून परतणाऱ्या सैन्याला सामोरे जाण्यासाठी नगरजन वेशीपर्यंत जात असत, हे आपण इतिहासात पुष्कळदा वाचले आहे. परंतु चामड्याचा एक चेंडू जाळ्यात धाडणाऱ्या अकरा गड्यांसाठी एखादे राष्ट्र लोहमार्गाच्या दुतर्फा उभे राहावे, अपरिचित माणसांनी एकमेकांस कवटाळून अश्रू ढाळावे, ही गोष्ट मात्र विसाव्या शतकाने जगास दाखविली. अशा जल्लोषाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. कोणी त्यास पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेतात. कोणी त्यात राष्ट्राचा आत्मा प्रकटला असे म्हणून हात जोडतात. मला या दोन्ही रीती अपुऱ्या वाटतात. जनसमुदाय जेव्हा बेभान होऊन ओरडतो, तेव्हा तो काय ओरडतो, कोणते गाणे गातो, आणि ओरडणे संपल्यावर घरी जाऊन काय करतो, हे नीट तपासल्यावाचून त्या जल्लोषाची किंमत करता येत नाही. आज अशाच एका प्रसंगाची तपासणी करावयाची आहे. तो प्रसंग म्हणजे ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न या नगरीत पश्चिम जर्मनीने हंगेरीवर मिळविलेला विश्वचषकाचा विजय.

प्रथम त्या वेळच्या जर्मनीकडे पाहू. १९४५ च्या मे महिन्यात दुसरे महायुद्ध युरोपात संपले, तेव्हा त्या देशाची शहरे दगडविटांचे ढिगारे झाली होती. त्याहून भयंकर अशी गोष्ट म्हणजे, हिटलरच्या राजवटीत लक्षावधी निरपराध ज्यूंचा व इतरांचा जो संहार झाला, त्याचे पाप त्या राष्ट्राच्या माथी होते. जेत्यांनी देशाचे विभाग पाडले. १९४९ साली पश्चिमेकडील भागाचे संघराज्य झाले आणि पूर्वेकडे रशियाच्या छायेखाली दुसरे राज्य उभे राहिले. पश्चिम जर्मनीस पूर्ण सार्वभौमत्व मिळाले ते १९५५ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या दिवसाची गोष्ट आपण बोलत आहोत, त्या दिवशी ते राष्ट्र अद्याप पुरते स्वाधीनही नव्हते. हजारो जर्मन युद्धकैदी अजून रशियाच्या छावण्यांत होते. १९५० च्या विश्वचषकाच्या सामन्यांत तर जर्मनीस प्रवेशच नव्हता. युद्धानंतरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना जर्मन संघ १९५० च्या नोव्हेंबरात स्टुटगार्ट येथे खेळला, तो स्वित्झर्लंडशी.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. प्रत्येक राष्ट्रापाशी अभिमानाने मिरविण्याजोगी काही चिन्हे असतात: निशाण, गीत, सैन्याचा गणवेश, थोर पुढाऱ्यांची नावे. १९४५ नंतरच्या जर्मन माणसापाशी यांतले काहीच निष्कलंक उरले नव्हते. जे उच्चारावे त्यास रक्ताचा डाग. अशा स्थितीत लाजेवाचून टाळी वाजविता येईल अशी एखादी जागा त्या लोकांस हवी होती, आणि ती त्यांस फुटबॉलच्या मैदानावर सापडली. पुढचा सारा जल्लोष या एका गोष्टीवाचून उलगडत नाही.

आता प्रतिपक्षाकडे वळू. हंगेरीचा संघ त्या काळी जगातील सर्वश्रेष्ठ संघ होता, याविषयी मतभेद नव्हता. १९५० च्या मे महिन्यापासून त्यांनी सामना गमावला नव्हता. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. १९५३ च्या नोव्हेंबरात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्यांनी इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला; आणि पुढील वर्षी बुडापेस्ट येथे त्याच इंग्लंडला ७–१ असे लोळविले. फेरेंत्स पुश्काश, शांदोर कोचिश, झोल्तान त्सिबोर, नांदोर हिदेगकुटी ही नावे युरोपातील पोरासोरांच्या ओठांवर होती.

स्वित्झर्लंडमध्ये प्राथमिक फेरीत बाझल येथे याच हंगेरीने जर्मनीस ८–३ असे धुऊन काढले. जर्मन संघाचे गुरू सेप हेर्बेर्गर यांनी त्या दिवशी आपले कित्येक मुख्य खेळाडू बसवून ठेविले होते, कारण पुढील फेरीत जाण्याचा दुसरा मार्ग त्यांस मोकळा होता. ही त्यांची चाल पुढे शहाणपणाची ठरली. परंतु त्या दिवशी घरच्या लोकांनी त्यांस शिव्याशाप दिले. त्याच सामन्यात पुश्काशच्या घोट्यास दुखापत झाली, व तो एकदम अंतिम सामन्यातच पुन्हा उतरला. जर्मनीने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाचा ६–१ असा पराभव केला, आणि दोन्ही संघ बर्नमध्ये पुन्हा समोरासमोर आले.

त्या रविवारी पाऊस पडत होता. जर्मन संघनायक फ्रिट्झ वाल्टर यास पाऊस मानवे, हे सर्वांस ठाऊक होते. युद्धात तो सैनिक होता, त्यास हिवतापाने ग्रासले होते, आणि त्यामुळे कडक उन्हात त्याचा खेळ उतरत असे. युद्धाच्या शेवटी तो रशियनांचा कैदी झाला. छावणीत पहारेकऱ्यांसमवेत तो चेंडू खेळे. त्यांतल्या एका हंगेरियन पहारेकऱ्याने त्यास ओळखिले आणि म्हणून तो सैबेरियाच्या वाटेवरून बचावला, असे सांगतात. आता तोच वाल्टर हंगेरीच्या संघासमोर उभा होता. चिखलात पाय घसरू नयेत म्हणून जर्मन खेळाडूंच्या बुटांना, मैदानाची स्थिती पाहून बदलता येतील असे स्क्रूचे खिळे होते. ही युक्ती आडोल्फ डासलर या बूट करणाऱ्या कारखानदाराची.

खेळ सुरू झाला आणि आठ मिनिटांच्या आत हंगेरीचे दोन गोल झाले. सहाव्या मिनिटास पुश्काश, आठव्यास त्सिबोर. जगाला वाटले, बाझलची पुनरावृत्ती होणार. परंतु दहाव्या मिनिटास माक्स मोरलॉकने एक गोल फेडला, आणि अठराव्या मिनिटास हेल्मुट रानने दुसरा. मग तासाभराहून अधिक काळ हंगेरीचे हल्ले व जर्मन गोलरक्षक टोनी टुरेकचा बचाव यांचे द्वंद्व चालले. चेंडू कधी खांबास लागे, कधी आडव्या दांडीस. चौऱ्याऐंशीव्या मिनिटास रानने डाव्या पायाने मारलेला चेंडू खालच्या कोपऱ्यातून जाळ्यात गेला. शेवटच्या मिनिटांत पुश्काशने पुन्हा गोल केला, तो वेल्सच्या रेषापंचाने ऑफसाइड ठरविला. त्या निर्णयाविषयी आजही वाद चालतो. सामना ३–२ असा जर्मनीने जिंकला, आणि ज्युल्स रिमे यांच्या हस्ते फ्रिट्झ वाल्टरने चषक स्वीकारला.

श्रोतेहो, हा विजय मैदानावर सुमारे ६० हजार लोकांनी पाहिला. परंतु जर्मन राष्ट्राने तो ऐकला. दूरदर्शनाचे संच त्या वेळी फार थोड्या घरी होते, आणि ते ज्या उपाहारगृहांत व दुकानांच्या काचेमागे होते तेथे लोकांची झुंबड उडाली होती. बाकीचा देश नभोवाणीभोवती बसला होता. हेर्बेर्ट त्सिमरमान या निवेदकाने त्या दिवशी जे वर्णन केले, ते जर्मन भाषेतील सर्वांत प्रसिद्ध भाषणांपैकी एक होऊन बसले आहे. रान चेंडू मारणार, हे तो आधी सांगतो; मग ‘गोल’ हा एकच शब्द लागोपाठ कितीदा तरी ओरडतो; आणि नंतर काही क्षण गप्प होतो. ज्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले आहे त्यांस ठाऊक आहे की, त्यातील खरा परिणाम त्या मौनाचा आहे. त्याने गोलरक्षक टुरेकला भावनेच्या भरात फुटबॉलचा देव म्हटले, त्याबद्दल धर्मपीठांकडून तक्रारी आल्या आणि त्यास क्षमा मागावी लागली. गंमत अशी की, त्या सामन्याचे संपूर्ण थेट दूरचित्रण जतन झाले नाही; आवाज मात्र राहिला. आज जे चित्रपटाचे तुकडे दाखवितात, त्यांस हा नभोवाणीवरील आवाज जोडलेला असतो. चित्र विरले आणि शब्द टिकला, असे इतिहासात क्वचित घडते.

पलीकडे पूर्व जर्मनीच्या नभोवाणीवर वोल्फगांग हेम्पेल हा दुसरा निवेदक त्याच सामन्याचे वर्णन करीत होता. त्याच्या सरकारच्या दृष्टीने हंगेरी हे बंधुराष्ट्र, आणि पश्चिम जर्मनी हे भांडवलशाहीचे राज्य. वर्णनाचा सूर त्यास त्याप्रमाणे सांभाळावा लागला. परंतु ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणास कोणत्याही सरकारी सूचनेने लगाम घालता येत नाही, आणि सीमेच्या त्या बाजूसही पुष्कळ घरांत आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी, ५ जुलै रोजी, तांबड्या रंगाच्या खास आगगाडीने संघ श्पीत्स येथील मुक्कामाहून स्वदेशी निघाला. सीमा ओलांडल्यावर पहिले मोठे जर्मन स्थानक लागले ते झिंगेन. तेथे फलाटावर, रुळांवर, छपरांवर माणसेच माणसे होती. गाडी चालू शकेना. खिडक्यांतून फुले, फळे, मद्याच्या बाटल्या, नाना प्रकारच्या भेटी आत येऊ लागल्या. कॉन्स्टान्स, लिंडाउ आणि मग ६ जुलै रोजी म्युनिक. वाटेतल्या प्रत्येक गावी हाच प्रकार. शेतातून काम टाकून आलेले शेतकरी, कडेवर मुले घेतलेल्या बाया, आणि युद्धात हात-पाय गमावलेले पुरुष रुळांच्या कडेस उभे होते. म्युनिकच्या चौकात काही लाख लोक लोटले. असे स्वागत त्या शहराने याआधी पाहिले होते, ते लष्करी बूट आणि मशालींच्या मिरवणुकींचे. या वेळी मोटारींत बसलेले लोक शस्त्रधारी नव्हते. ते लहान गावांतून आलेले साधे खेळाडू होते. त्यांतले पाचजण तर काइझर्सलाउटर्न या एकाच गावच्या संघाचे. अखिल राष्ट्राची व्यावसायिक स्पर्धा जर्मनीत १९६३ पर्यंत सुरूच झाली नव्हती.

इथपर्यंत सारे मंगल आहे. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

चषक स्वीकारताना बर्नच्या मैदानावर राष्ट्रगीत वाजले, तेव्हा हजारो जर्मन प्रेक्षकांनी त्या गीताचे पहिले कडवे गाइले. हे गीत हॉफमन फोन फालर्सलेबेन या कवीने १८४१ साली रचलेले. कवीचा मूळ हेतू तुकड्या-तुकड्यांत विभागलेल्या जर्मनीचे ऐक्य हा होता. परंतु सर्वांच्या वर जर्मनी असे सांगणारे पहिले कडवे हिटलरच्या काळी आक्रमणाची घोषणा होऊन बसले. म्हणून १९५२ साली अध्यक्ष थेओडोर हॉइस व पंतप्रधान कोनराड आडेनाउअर यांनी आपसांतील पत्रव्यवहाराने असे ठरविले की, सरकारी समारंभात ऐक्य, न्याय व स्वातंत्र्य यांचा उच्चार करणारे तिसरे कडवेच गावे. बर्नमध्ये लोकांनी गाइले ते पहिले. हे ऐकून शेजारच्या राष्ट्रांतील लोकांच्या अंगावर काटा उभा राहिला असल्यास नवल नाही. त्या आवाजाचा अर्थ त्यांनी दहा वर्षांपूर्वी आपल्या घरादारांवरून नांगर फिरताना अनुभविला होता.

त्या प्रेक्षकांच्या मनात पुन्हा जग जिंकण्याचा विचार होता काय? मी जन्मभर वर्गात मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, म्हणून या प्रश्नाचा विचार मी माझ्या पद्धतीने करतो. दहाव्या वर्षी जे पाठ होते ते तिसाव्या वर्षी भान हरपल्यावर ओठांवर येते. त्या पिढीने शाळेत, सभांत, कवायतीच्या मैदानावर हेच कडवे घोकले होते. तिसरे कडवे पुष्कळांस येतही नसावे. त्यामुळे बहुतेकांच्या गाण्यात दुष्ट हेतूपेक्षा सवयच अधिक होती, असे माझे मत आहे. पण सवय निरुपद्रवी असते, असे मात्र मी म्हणणार नाही. सवयीतच जुना विकार दबा धरून बसतो.

त्याचा प्रत्यय लगेच आला. ६ जुलै रोजी म्युनिकमधील एका प्रसिद्ध मद्यगृहाच्या सभागृहात संघाचा सत्कार होता. तेथे जर्मन फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष पेको बाउवेन्स बोलावयास उभे राहिले. विजयाच्या धुंदीत ते प्राचीन जर्मन देव वोटान याचे नाव घेऊ लागले, आणि नेत्याच्या आज्ञेत राहण्याच्या ज्या तत्त्वाने देशाचा सत्यानाश केला, त्याच तत्त्वाचे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले. बव्हेरियाच्या नभोवाणीने ते भाषण थेट ध्वनिक्षेपित चालविले होते. तिने ते मध्येच तोडले. मला या कृतीचे मोठे महत्त्व वाटते. ज्या यंत्रावरून कित्येक वर्षे एकाच माणसाचा आवाज घरोघर कोंबला गेला, त्या यंत्रावर बसलेल्या माणसांनी आता स्वतःच्या विवेकाने कळ फिरविली.

पुढे १८ जुलै रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर हजारोंच्या समोर अध्यक्ष हॉइस यांनी खेळाडूंचा गौरव केला. हे तेच मैदान, जेथे १९३६ साली हिटलरने ऑलिंपिकचा डोलारा मांडला होता. हॉइस हे विद्वान, मिस्कील वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी बाउवेन्स यांचे नाव घेऊन हसतहसत सांगितले की, चेंडू चांगला लाथाडला म्हणजे चांगले राजकारण झाले, असे काही नाही. हे खेळाचे काम आहे. त्यास राजकारणाच्या पंक्तीस बसवू नये. आणि मग या वृद्ध राष्ट्राध्यक्षाने तिसऱ्या कडव्याचे शब्द स्वतः म्हणून दाखविले व समुदायास ते गावयास लाविले. वर्गातील मास्तर जसा ओळ सांगतो आणि मुले मागून म्हणतात, तसा तो देखावा. जुनी सवय मोडावयाची तर तिच्या जागी दुसरी घालावी लागते, हे त्यांनी ओळखिले होते.

आता पराभूत राष्ट्राकडेही पाहिले पाहिजे. नाहीतर आपली तपासणी अर्धवट राहील. हंगेरीत त्या वेळी साम्यवादी पक्षाची हुकूमत होती. संघाचे विजय म्हणजे आमच्या राज्यपद्धतीचा विजय, असे सरकार अहोरात्र सांगत असे. म्हणून पराजय झाला तेव्हा तोही सरकारच्याच पदरात पडला. त्या रात्री आणि पुढील काही दिवस बुडापेस्टच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. काचा फुटल्या, संघाचे व्यवस्थापक गुस्ताव शेबेश यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. ज्या देशात सरकारविरुद्ध चार माणसांना एकत्र उभे राहता येत नव्हते, तेथे फुटबॉलच्या निमित्ताने लोकांना आपला आवाज केवढा मोठा आहे हे प्रथमच ऐकू आले. परतणाऱ्या संघास राजधानीपूर्वीच टाटा नावाच्या गावी उतरवून ठेवण्यात आले. गोलरक्षक ग्युला ग्रोशिच यास त्याच वर्षाच्या अखेरीस हेरगिरीच्या संशयावरून पकडले. पुरावा काही मिळाला नाही, तरी तो दीर्घकाळ स्थानबद्ध होता. दोन वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९५६ रोजी, बुडापेस्टमध्ये खरा उठाव झाला आणि तो रशियन रणगाड्यांनी चिरडला. त्या उठावाची पहिली कुजबुज १९५४ च्या जुलैमधील त्या रात्रींत ऐकू येते, असे मानणारे अभ्यासक आहेत. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर हे उठावानंतर मायदेशी परतले नाहीत. त्यांनी पुढे स्पेनच्या संघांतून नाव कमाविले.

बर्नच्या विजयाने जर्मनीत काय साधले? योआखिम फेस्ट या जर्मन लेखकाच्या नावे एक प्रसिद्ध विधान सांगतात. त्याचा आशय असा की, पश्चिम जर्मनीचे संस्थापक तीन: राजकारणात आडेनाउअर, अर्थकारणात लुडविग एरहार्ड आणि लोकांच्या मनात फ्रिट्झ वाल्टर. हे वाक्य सुबक आहे, परंतु सुबक वाक्यांवर इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदम विश्वास टाकू नये. आडेनाउअर अंतिम सामन्यास उपस्थितही नव्हते. सरकारने त्या तिथीस राष्ट्रीय सणाचे रूप दिले नाही. काही आठवड्यांत लोक आपापल्या कामास लागले. या विजयाची आख्यायिका झाली ती पुढील पिढ्यांत. १९७९ साली पडद्यावर आलेल्या फासबिंडर या दिग्दर्शकाच्या ‘मारिया ब्राउन’च्या चित्रपटात शेवटी घर स्फोटाने उडते, आणि मागे त्सिमरमानचा तोच आवाज विजयाची वार्ता सांगत असतो; भूतकाळ न तपासताच समृद्धीमागे धावणाऱ्या समाजावर तो एक कठोर अभिप्राय होता. उलट २००३ साली ‘बर्नचा चमत्कार’ याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात युद्धकैदेतून परतलेला बाप आणि त्यास न ओळखणारा मुलगा यांची मने या सामन्याच्या निमित्ताने जुळतात. एकच आवाज, आणि दोन पिढ्यांनी त्यातून काढलेले दोन अर्थ!

माझ्या मते दोन्ही अर्थांत तथ्य आहे. पराभूत व अपराधी राष्ट्रासही आनंदाचा हक्क असतो. नऊ वर्षे मान खाली घालून चालणाऱ्या माणसाने एक दिवस वर पाहिले, तर त्यात पाप नाही. परंतु आनंद हा अपराधाचे प्रायश्चित्त नव्हे. झिंगेनच्या फलाटावर रडणाऱ्या स्त्रीचा हुंदका आणि म्युनिकच्या सभागृहातील ते भाषण, ही दोन्ही एकाच विजयाची अपत्ये होत. विजय स्वतः काही शिकवीत नाही. जे मनात आधीपासून असते तेच तो मोठ्याने वदवितो. बुडापेस्टच्या मनात रोष होता, तो पराजयाने वदविला. जर्मनीच्या मनात दुःख, आशा आणि जुना अहंकार यांची सरमिसळ होती, ती विजयाने वदविली.

म्हणून कोणत्याही राष्ट्राचा जल्लोष ऐकताना गर्दी किती लाखांची होती हा प्रश्न दुय्यम समजावा. त्या गर्दीने कोणते कडवे गाइले, ते चुकले असेल तर ते थांबविण्याचे धैर्य कोणापाशी होते, आणि बरोबर कडवे शिकविण्याचे कष्ट कोणी घेतले, हे प्रश्न प्रथम विचारावेत. जर्मनीच्या सुदैवाने १९५४ च्या जुलैत ध्वनिक्षेपणाची कळ फिरविणारा एक हात तेथे होता आणि ओळ सांगणारा एक वृद्ध आवाजही होता. चषक फ्रिट्झ वाल्टरच्या संघाने मिळविला. तो विजय पचविण्याचे काम मात्र या दुसऱ्या माणसांनी केले, आणि माझ्या दृष्टीने ते काम अधिक अवघड होते.